कमानीत जादा पाटा : बचत की घाटा?

कापडाच्या धंद्यात माल विकण्याची जितकी काळजी, तितकीच तो पोहोचवण्याच्या खर्चाची. म्हणून आमच्यासारखे व्यापारी टेम्पोत दोन गाठी जास्त टाकतात आणि मागची बाजू बसू लागली की गाडी कमानवाल्याकडे नेतात. "उस्ताद, एक पाटा वाढवून द्या," एवढेच सांगायचे असते. भंगारातला पाटा कापून, ठोकून तासाभरात बसतो. मालेगावात आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. त्यातून आलेला तजुर्बा वाचकांपुढे ठेवत आहोत.

पाटा म्हणजे साधी लोखंडी पट्टी नव्हे. त्याच्या पोलादात सिलिकॉन व मँगेनीज, किंवा क्रोमियम व व्हॅनेडियम मिसळलेले असते. ते सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात बुडवतात. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात, तेच हे. मग ४०० ते ५०० अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. कारखान्यात या दोन्ही भट्ट्या मोजून चालतात, रस्त्याकडेच्या दुकानात नजरेच्या अंदाजाने.

येथे मोठा धोका होतो. त्याच मापाची साध्या लोखंडाची पट्टी बसवली तर कमी भाराला ती खऱ्या पाट्याइतकीच वाकते, त्यामुळे गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातो. फरक भार वाढल्यावर कळतो. खरा पाटा वाकून परत येतो, लोखंडी पट्टी वाकलेलीच राहते. पारख करायची तर रिकाम्या गाडीची धुरा ते चेसिस उंची दोन्ही बाजूंनी मोजावी, माल भरावा, उतरवावा आणि पुन्हा मोजावी. पहिली उंची परत आली नाही तर पाटा खोटा समजावा.

दुसरी चूक जाडीची. "आठचा नाही, दहाचा टाका" असे आपण सहज बोलतो. पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मि.मी.ऐवजी १० मि.मी. घेतला की तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. सूतवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. ताण्यात एक धागा जास्त ओढलेला असला की सगळा जोर त्याच्यावर येतो आणि तोच आधी तुटतो.

आमच्या टेम्पोच्या मुख्य पाट्याचा डोळा झिजला होता. आमच्याच सांगण्यावरून कारागिराने त्यावर वेल्डिंग केले, कारण नवा पाटा आम्हाला महाग वाटत होता. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते आणि तेथून तडा सुरू होतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. महिनाभरातच चांदवडकडच्या राहुड घाटाच्या उतारावर तो डोळा तुटला, धुरा एका बाजूने मागे सरकली आणि गाडी तिरकी ओढू लागली. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून ती डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. तो दरीच्या बाजूला असता तर आम्ही हा लेख लिहीत नसतो, त्याच्या घरी तोंड लपवत गेलो असतो.

नंतर आणखी एक गोष्ट कळली. अनेक मालगाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर धुरा व चेसिस यांतील अंतरावरून कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. जादा पाट्याने मागची बाजू उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक हलका लागतो. उतारावर याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

मग घरगुती कामाला जागाच नाही काय? आहे. बसलेल्या पाट्याला थंड स्थितीत घणाने ठोकून पुन्हा वाक देणे हे जुने, चांगले काम आहे. मात्र गॅस लावून वाक देऊ देऊ नये, पाणी उतरते. लेथवर माप घेऊन केलेला पितळी बुश, जेथे मूळचा तसाच आहे तेथे, चालतो. पाट्यांमधला गंज काढून ग्रीस लावणे तर घरीच होते. पण मुख्य पाटा, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट विकतच घ्यावेत. साधी सळई वाकवून केलेला यू-बोल्ट भाराने लांबतो, पकड सैल होते आणि पाटा नेमका सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी तुटतो.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि पाटा वाढवल्याने आर.सी. बुकातले वजन वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

आता आमच्या टेम्पोत दोन गाठी कमी जातात. नवे यू-बोल्ट बसवले की पहिल्या खेपेनंतर ड्रायव्हर ते पुन्हा आवळतो. दोन्ही बाजूंची उंची आमच्या रोजमेळाच्या शेवटच्या पानावर महिन्याला लिहिली जाते.