मालवण-तारकर्ली-देवबाग : ओळखीच्या घरी मुक्काम आणि सहकुटुंब जलक्रीडा

मालवणातून दक्षिणेला निघालेला रस्ता सहा-सात किलोमीटरवर तारकर्लीला पोहोचतो आणि तिथून पुढे जमीन निमुळती होत देवबागला संपते. या पट्ट्याच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम आहे. स्कूबा आणि स्नॉर्केलिंग मुख्यतः सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास व तारकर्लीच्या समोर चालते. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना आणि बंपर राइड यांची गर्दी संगमाकडे असते. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ स्थानक सोयीचे. तिथून मालवण सुमारे तीस किलोमीटर आहे आणि एसटी किंवा रिक्षा मिळते. चिपी विमानतळ २०२१ पासून सुरू असला तरी तिथल्या विमानांचे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत परवानगी नसते; किल्ल्याची होडीही त्या काळात सुटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नद्यांनी आणलेला गाळ पाण्यात असतो, त्यामुळे पाण्याखाली फारसे दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. शाळेच्या सुट्टीमुळे बहुतेक कुटुंबे मे महिन्यात येतात आणि नेमका तोच महिना उत्तरार्धात फिरतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. मे महिन्यातच जायचे असेल तर पहिला पंधरवडा गाठावा.

तारखा ठरवताना यजमानांच्या घरचे दिवसही विचारावेत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत तालुक्यातल्या घराघरांत चाकरमानी उतरलेले असतात, रेल्वेत जागा नसते आणि रस्ते तुंबतात. त्या वेळी पाहुणे म्हणून जाणे म्हणजे यजमानांच्या घरात आणखी चार अंथरुणे वाढवणे होय. जत्रा पाहायचीच असेल तर गोष्ट वेगळी.

सहलीचे वेळापत्रक हॉटेलच्या पॅकेजवरून नव्हे, तिथीवरून आखावे. जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी लागते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. एकादशीला भरती सव्वाआठच्या आसपास येते. कृष्ण पक्षातही मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. ठिकाणानुसार तासाभराचा फरक पडतो, त्यामुळे नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी होडीच्या तांडेलाला विचारून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप चढते, खूप उतरते आणि त्याला ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो व पाणी मवाळ राहते.

त्यावरून बेत आपोआप जुळतो. दशमी ते द्वादशीच्या सकाळी भरतीबरोबर समुद्राचे स्वच्छ पाणी आत येते. त्या वेळी स्कूबा किंवा स्नॉर्केलिंग करावे. द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळी ओहोटी असते, तेव्हा संगमाजवळचा वाळूचा पट्टा उघडा पडतो. पर्यटकांत तो ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून ओळखला जातो आणि लहान मुलांना गुडघाभर पाण्यात खेळवायला चांगला आहे. मात्र ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी संगमातून जोराने बाहेर जाते, म्हणून पट्ट्याच्या कडेला पोहायला उतरू नये. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ झुंजत न राहता किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे. तिथी कोणतीही असो, पाण्यातले खेळ सकाळीच उरकावेत. दुपारनंतर खारे वारे वाढतात, लाटा उठतात आणि होडीत मळमळणाऱ्यांची संख्याही वाढते.

ओळखीच्या घरी उतरण्याचा मोठा फायदा म्हणजे ओळखीची होडी. धोकाही तिथेच असतो. यजमानांच्या शब्दावर आलेल्या होडीत तुटक्या बकलाचे लाइफ जॅकेट मिळाले तर पाहुणे संकोचाने काही बोलत नाहीत. भीड भिकेची बहीण. जॅकेट बदलून मागावे. ते घालून सगळे पट्टे आवळल्यावर दोन्ही खांदे धरून वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे, नाहीतर पाण्यात मूल खाली राहते आणि जॅकेट वर येते. बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी निघण्यापूर्वीच चालकाला सांगावे. चष्मा आणि मोबाइल किनाऱ्यावरच ठेवावेत. पॅरासेलिंगचा निर्णय सर्वस्वी वाऱ्यावर अवलंबून असतो. चालकाने ‘आज नको’ म्हटले तर गळ घालू नये.

स्कूबासाठी पोहता यावे लागत नाही, कारण प्रशिक्षक मागून टाकी धरून पूर्ण वेळ सोबत असतो. दहा वर्षांखालच्या मुलांना मात्र स्नॉर्केलिंगच बरे. सर्दी, दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर उतरू नये आणि अर्जात काही लपवू नये. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, पण कान दुखतात ते पहिल्या तीन-चार मीटरांतच. दर हातभर खाली गेले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे. ‘फट्’ असा आवाज आला की कान मोकळा झाला. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नसतो. थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. श्वास कधीही रोखू नये. खुणाही पाठ असाव्यात. अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’. सर्व ठीक असल्याची खूण तर्जनी आणि अंगठ्याच्या वर्तुळाची. छान वाटतेय म्हणून अंगठा दाखवणारे अनेक जण दोन मिनिटांत होडीवर परत येतात. मालवणच्या समुद्राचा हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. प्रवाळाला हात लावू नये, पाय टेकू नये आणि तुकडा घरी आणू नये. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

पाण्याबाहेरचा वेळ सिंधुदुर्ग किल्ल्याला द्यावा. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले. आत शिवराजेश्वराचे मंदिर असून दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहावा. यजमानांकडे न्यायची मासळी घेण्याआधी वार विचारलेला बरा, कारण सोमवारी अनेक घरांत ती शिजत नाही. समुद्रावरून परतल्यावर खळ्यातच पाय आणि कपडे झटकून मग न्हाणीत जावे. वाळूने मोरी तुंबली की घरच्या बाईलाच काठी घेऊन बसावे लागते. मे महिन्यात विहिरींचे पाणी खाली गेलेले असते, त्यामुळे एक बादली पुरवावी.

परतीचा दिवस स्कूबाचा दिवस नसावा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून एका साध्या डुबकीनंतर विमानप्रवासापूर्वी निदान बारा तास आणि अनेक डुबक्यांनंतर अठरा तास थांबण्याचा दंडक आहे. घाटालाही तोच न्याय लावावा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. सकाळी स्कूबा करून दुपारी कोल्हापूर-बेळगावकडे घाट चढण्यापेक्षा स्कूबा पहिल्या सकाळी ठेवावा आणि शेवटच्या दिवशी किल्ला किंवा बाजार करावा. उथळ, थोड्या वेळाच्या डुबकीत धोका कमी असतो, पण त्यानंतर सांधे दुखणे, मुंग्या येणे किंवा भोवळ येणे अशी लक्षणे दिसली तर घाट चढायला न निघता किनाऱ्यालगतच डॉक्टर गाठावा आणि पाण्यात उतरल्याचे त्याला आधी सांगावे.