धडधड कागदावर उतरवा : हृदयाचा ठोका, त्याचा आलेख आणि संगणकातले हृदय



त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्या चढताना छातीत धडधड होते. वर जाऊन थोडा वेळ बसले की ती शांत होते. हा आजार नाही. पायांना जास्त रक्त लागते, म्हणून हृदय वेगाने काम करते. पण घरात स्वस्थ बसलेले असताना अचानक छातीत फडफड सुरू झाली, ठोका चुकल्यासारखा वाटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिचे कारण शोधलेच पाहिजे. अशा वेळी वस्तीत तीन उत्तरे ठरलेली असतात : "टेन्शन घेऊ नको", "गॅस झाला असेल" आणि "बाहेरचं काही असेल." तिन्ही उत्तरे न तपासता दिलेली असतात. बायकांच्या वाट्याला तर पहिले उत्तर हमखास येते. तपासून उत्तर कसे मिळते, ते या पाठात पाहू.

ठोका येतो कुठून?

हृदय हा पंप आहे आणि तो विजेवर चालतो. ही वीज शरीर स्वतःच तयार करते. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. माणूस स्वस्थ असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० इशारे देतो. इशारा आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, मधल्या नाक्यावर क्षणभर थांबतो आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत उतरतो. या थांब्यामुळे वरचे रक्त खाली यायला वेळ मिळतो. असे दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात.

बिघाड मुख्यतः तीन तऱ्हेचे होतात. इशारा फार हळू आला किंवा नाका बंद पडला, तर ठोके मंदावतात आणि माणूस चक्कर येऊन पडतो. अशा काही रुग्णांना पेसमेकर बसवावा लागतो. दुसऱ्या तऱ्हेत वीज एकाच वाटेने गोल गोल फिरत राहते आणि ठोके मिनिटाला दीडशेच्या पुढे जातात. तिसऱ्या तऱ्हेत वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात नाडीला ताल राहत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा मारतो. या आजारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो. सोबत संधिज्वराने खराब झालेली झडप असेल तर त्याहून जास्त.

आपल्या घरांशी याचा संबंध

संधिज्वर, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात, तो बहुधा ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. सुरुवात साध्या घसादुखीने होते. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात, तिथे हा जंतू सहज पसरतो. काही आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात, मग सूज उतरते आणि घरचे विसरून जातात. पण हृदयाची झडप खराब झालेली राहते. पुढे पंचविशी-तिशीत दम लागतो आणि नाडीचा ताल जातो. अनेक बायकांचे हे दुखणे पहिल्यांदा गरोदरपणातच उघडकीला येते. म्हणून मुलाच्या घसादुखीवर वेळेवर औषध द्यावे. संधिज्वर झालेल्या मुलाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे, दर तीन-चार आठवड्यांनी, न चुकवता घ्यावे.

न दिसणारी वीज दिसते कशी?

हॉलंडच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाची वीज नेमकेपणाने नोंदवणारे यंत्र तयार केले. रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ते नोंद घेत. १९२४ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तोच आजचा ईसीजी. त्या काळी यंत्राला खोली पुरत नव्हती. आज आपल्याच मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राने हातात मावणारे ईसीजी यंत्र विकसित केले आहे. ते मोबाइलला जोडता येते आणि आलेख दूरच्या डॉक्टरांना पाठवता येतो.

ईसीजी विजेचा ताल सांगतो. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झडप आणि कप्पे दाखवते. धडधड येऊन जाऊन असेल, तर होल्टर नावाचे लहान यंत्र २४ तास अंगावर ठेवतात. एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूवरचे व्रण दिसतात. हे व्रण महत्त्वाचे, कारण त्यांतून वीज नीट जात नाही. त्यांना वळसा घालून ती गोल फिरू लागते.

संगणकातले हृदय

१९६० मध्ये इंग्लंडचे डेनिस नोबल यांनी हृदयाच्या पेशीतली विजेची ये-जा गणिती समीकरणांत मांडली आणि संगणकावर ती पेशी "धडधडवून" दाखवली. तेव्हा संगणक इतके दुर्मिळ होते की त्यांना मध्यरात्रीनंतरची वेळ मिळत असे. आज पेशीच नव्हे, तर एखाद्या रुग्णाचे अख्खे हृदय संगणकात उभे करता येते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा यांच्या गटाने रुग्णांच्या एमआरआयवरून अशी हृदये तयार केली. त्या संगणकी हृदयात वीज कुठे अडकून फिरते ते आधी शोधायचे, तो भाग बंद केला तर ताल सुधारतो का ते पाहायचे, आणि मगच खऱ्या रुग्णाच्या मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन तेवढाच भाग निकामी करायचा. या उपचाराला अॅब्लेशन म्हणतात. २०१९ मध्ये एट्रियल फिब्रिलेशनच्या १० रुग्णांवर केलेले असे काम प्रसिद्ध झाले. ही पद्धत अजून सर्रास वापरात नाही. मात्र नळी आत नेऊन हृदयाचा रंगीत त्रिमितीय नकाशा काढण्याचे तंत्र भारतातल्या मोठ्या शहरांत वापरले जाते.

यातून आपण एक गोष्ट घ्यावी. एवढा बलाढ्य संगणकसुद्धा नोंदीशिवाय आंधळा आहे. आलेख नाही, चित्र नाही, तर गणित कशाचे मांडणार? बाबासाहेबांनी आपल्या मागण्या आकडे आणि पुरावे यांच्या बळावर मांडल्या. तथागतांनीही स्वतः येऊन पाहायला सांगितले. छातीतली धडधडही अशीच पाहायची असते. दोरा-गंडा आणि अंगारा यांत वेळ घालवणे बावीस प्रतिज्ञांशी तर विसंगत आहेच, पण जिवालाही घातक आहे.

काय करावे?

१. नाडी शिका. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवा. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ताल सारखा आहे का, तेही पाहा.

२. धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. ती थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून आजार नाही असे होत नाही. तारीख, वेळ आणि किती मिनिटे चालली, ते वहीत लिहा.

३. प्रत्येक आलेखाची झेरॉक्स काढा. ईसीजीच्या कागदावरची शाई कालांतराने उडते. जुना आलेख पुढच्या डॉक्टरांच्या फार कामी येतो.

४. रक्तातले हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासा. या दोहोंच्या बिघाडानेही धडधड होते.

५. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचे जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे अनेक उपचार येतात. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. अंगणवाडीत किंवा शाळेत बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले की मुलाची तपासणी करून घ्या.

६. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. पीटी-आयएनआर तपासणी वेळेवर करा. मेडिकलमधून मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नका. गरोदर राहायचे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. "नवी महाग गोळी चांगली" असे समजू नका. संधिज्वराने झडप बिघडून एट्रियल फिब्रिलेशन झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांची २४ देशांत चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचा निष्कर्ष आला. त्यात तपासणी करत घ्यायची जुनी, स्वस्त गोळीच नव्या गोळीपेक्षा सरस ठरली.

७. दारूने हृदयाचा ताल बिघडतो. पाचव्या शीलाचे पालन हृदयासाठीही औषध आहे. तंबाखू आणि मिश्रीही सोडा.

८. शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम कोंडला, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे काढा आणि एकमेकांची नाडी मोजा. ज्यांचा ताल चुकतो, त्यांना सोमवारी ईसीजीला पाठवा आणि सोबत कुणीतरी जा.

जयभीम! नमो बुद्धाय!