युक्त आहार म्हणजे कमी आहार नव्हे



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

अति खाणाऱ्याला योग साधत नाही, हे आपल्याला लगेच पटतं. पण भगवंत तिथेच सांगतात की अजिबात न खाणाऱ्यालाही तो साधत नाही. तिकडे आपण कानाडोळा करतो. मी तर वर्षभर केला.

मला हायपोथायरॉइड आहे. रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. त्यात पोटाची कटकट: गॅस, फुगणं, बद्धकोष्ठता. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. पण इंजिनिअर माणूस, म्हटलं आपणच डीबग करू! एकाच आठवड्यात गहू, दूध, डाळी, कांदा बंद. केस गळतात म्हणून बायोटिन, थकवा येतो म्हणून लोह, सोबत कॅल्शियम. सगळं नाश्त्याबरोबर. वर एकादशी निर्जळी. आई म्हणायची, "अरे, दोन घास वरणभात तरी खा." मला वाटायचं, हिला माझी साधना काय कळणार!

मग रिपोर्टमध्ये टीएसएच खूप कमी आला. म्हणजे गोळी जास्त होतेय. मी खूश! उपासानं थायरॉइड बरा होतोय, असं मानून कुणालाही न विचारता गोळी अर्धी केली.

तीन महिन्यांत मी जपाला बसलो की पेंगायला लागलो. भर मे महिन्यात पांघरूण लागायचं. एका पहाटे माळ हातातून गळून पडली, मला कळलंही नाही. आईनं ती उचलून देवापुढे ठेवली आणि एवढंच म्हणाली, "आज डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर."

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "केसांसाठी काही घेता का?" बऱ्याच लॅबमधल्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. आपण मोठ्या डोसमध्ये घेतलं, की टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बायोटिन बंद करून काही दिवसांनी पुन्हा तपासलं. टीएसएच १८! शिवाय लोह आणि कॅल्शियम ही गोळी आतड्यात नीट शोषू देत नाहीत. त्यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं.

माझा बग साधा होता. कोडमध्ये मी एका वेळी एकच बदल करतो आणि मग टेस्ट करतो. शरीरात मात्र सात बदल एकदम केले आणि चुकीच्या रीडिंगवर निर्णय घेतला.

आता गोळी पूर्ण, उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नाश्ता तासाभरानं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी, कारण परिणाम स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. आहाराचा प्रयोग आजही करतो, पण आहारतज्ज्ञांना विचारून: एक पदार्थ काही आठवडे बंद, मग थोडा थोडा परत सुरू, रोज वहीत नोंद. त्यातून कळलं की चातुर्मासात माझं पोट हलकं का असायचं. कांदा-लसणात फ्रुक्टन असतं. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस होतो. गव्हातही ते असतं. मला दोन पोळ्या चालतात, चार नाही. वरणभात तर मस्त चालतो. आईचंच बरोबर होतं.

'युक्त' म्हणजे हेच ना? दोन पोळ्या. शून्य नाही, चारही नाही.

सतराव्या अध्यायातले श्लोक ५ आणि ६ वाचताना मात्र आजही मान खाली जाते. दंभानं आणि अहंकारानं जे शरीराला छळतात, ते आत वसणाऱ्या भगवंतालाच छळतात, असा त्यांचा आशय. माझ्या उपासात भक्ती किती होती आणि 'मी करून दाखवलं' किती, हे त्या गळून पडलेल्या माळेला ठाऊक आहे.

आजचा अभ्यास: तुम्ही घेता त्या सगळ्या गोळ्या, पावडरी, काढे एका कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. तुमचा उपासही सांगा. लपवू नका. चालू औषध मनानं कमी-जास्त करू नका. आणि घरातलं कुणी "दोन घास खा" म्हणालं, तर आज ऐका.

पांडुरंगा, हे शरीर तुझं आहे. ते मापात सांभाळायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी!