बालकाची बुद्धी आणि घरातील संवाद



वाशिंद स्थानकावर पहाटेच्या लोकलची वाट पाहणाऱ्या अनेक पित्यांची व्यथा एकच असते. घर सोडताना मूल झोपलेले असते आणि रात्री परतावे तेव्हाही झोपलेलेच. मग त्याच्या बुद्धीची मशागत कोणी व केव्हा करावी?

‘शाळेत गेल्यावर शिकेल’ हे उत्तर अपुरे आहे. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद आहे. अर्थात पाया घालण्याचे काम शाळेआधी घराकडे येते.

यासाठी श्रीमंती लागत नाही, हे जुन्या ठाणे जिल्ह्यानेच दाखवून दिले. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू हेच तिचे साहित्य होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोहोचली.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण पाहा. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाजवळ एक लहानसा पक्षी होता. प्रेषित (स.) त्या घरी येत, तेव्हा मुलाच्या नावाशी यमक जुळवून त्या पक्ष्याची विचारपूस करीत (बुखारी, मुस्लिम). मुलाला जे प्रिय, त्याविषयीच त्यांनी विचारले आणि तेही खेळकर शब्दांत. मुलाची भाषा अशाच देवाणघेवाणीतून वाढते. त्याने एक शब्द उच्चारावा, आपण त्यात दोन जोडावेत; त्याने प्रश्न विचारावा, आपण न रागावता उत्तर द्यावे.

हे काम मोबाइल करू शकत नाही. तो बोलतो, पण ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले की, दोन वर्षांखालील बालकांना पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला एका तासाहून अधिक नको.

मग करावे काय? भाजी निवडताना मातेने मुलाकडून शेंगा मोजून घ्याव्यात. दादी-नानीने प्रेषितांच्या गोष्टी सांगाव्यात आणि पुढे काय झाले असेल, हे त्यालाच विचारावे. चुकल्यास हसू नये. भीतीने मुलाचे कुतूहल आक्रसते. पित्याने सुट्टीच्या दिवशी त्याचे बोट धरून भातसा नदीकडे जावे आणि वाटेत दिसेल त्याचे नाव सांगावे. रोज रात्री जमत नसेल, तर दुपारच्या सुट्टीत फोन करून त्याचा आवाज ऐकावा.

प्रत्येक जण आपल्या कळपाचा राखणदार असून त्याला त्याचा जाब द्यावा लागेल, या आशयाची हदीस आपण जाणतो. हा जाब केवळ अन्नवस्त्राचा नव्हे, मुलाला दिलेल्या वेळेचाही आहे. अल्लाह ही जबाबदारी पार पाडण्याचे सामर्थ्य आपणा सर्वांना देवो. आमीन.