डिस्क बदलण्याआधी

खामगावात दुकानांचे संगणक आणि टॅलीचे हिशेब सांभाळायचं काम मी करतो. सोयाबीनच्या हंगामात आडत दुकानाचा संगणक बंद पडला की हिशेबपट्टी अडते आणि कास्तकाराचा चुकारा लांबतो. म्हणून एका दुकानात जे घडलं ते इतरांच्या उपयोगी पडावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तिथल्या मुख्य संगणकाची हार्ड डिस्क आधी टकटक वाजू लागली, मग विंडोज सुरूच होईना. दिवाणजी निर्धास्त होते. म्हणाले, "भाऊ, बॅकअप त रोज रात्री होते ना!" ते खरं होतं. मागच्या खोलीत नेटवर्कला जोडलेला नॅस, म्हणजे सामाईक साठवणुकीचा डबा, होता आणि रोजची प्रत त्यात जात होती. नवी एसएसडी बसवली, विंडोज ११ टाकलं, तरी ती प्रत काही उघडेना.

नॅसचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, बॅकअपचा कूटशब्द हे सगळं जुन्या विंडोजने साठवून ठेवलेलं असतं. डिस्क गेली की तेही जातं. तिजोरी शाबूत असते, पण किल्ली जळालेल्या घरात राहिलेली असते.

अशा वेळी सर्वांत आधी बॅकअपचं रोजचं वेळापत्रक थांबवा. नाहीतर रिकामा नवा संगणक रात्री आपलीच प्रत पाठवतो आणि जुनी पुसली जाऊ शकते. विंडोजची सिस्टिम इमेज नेटवर्कवर ठेवली असेल, तर तिथे फक्त शेवटचीच प्रत टिकते, हे विसरू नका.

मग नेटवर्क तपासा. नव्या विंडोजने ते 'पब्लिक' धरलं असेल तर 'प्रायव्हेट' करा. तरी नॅस दिसला नाही, तर राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता शोधून तो थेट टाका. आमचा नॅस तसाच सापडला, पण 'पाहुणा' म्हणून आत जाता येणार नाही असा संदेश आला. जुना संगणक नाव-पासवर्डाशिवायच आत जात होता. विंडोज ११ प्रो मात्र २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून अशा प्रवेशाला आपणहून नकार देतं. ही अट काढून टाकायचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो मानू नका. नॅसवर पासवर्डासह वेगळा वापरकर्ता तयार करा. जुना नॅस चालावा म्हणून एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवर फाइल वाटून घेण्याची जुनी पद्धत, पुन्हा सुरू करण्याचा मोहही टाळा. मे २०१७ मध्ये जगभर संगणक ओलीस धरणारा वॉनाक्राय व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून पसरला होता.

आत गेल्यावर बॅकअपने कूटशब्द मागितला. तो आधीच्या तंत्रज्ञाने ठरवलेला होता आणि दुकानात कोणालाच ठाऊक नव्हता. जुनी डिस्क भंगारात गेली नव्हती, हे नशीब. यूएसबी अडॅप्टरने ती जोडली. फोल्डरने 'परवानगी नाही' म्हटलं, कारण वापरकर्त्याचं नाव तेच ठेवलं तरी नव्या विंडोजमध्ये त्याची अंतर्गत ओळख वेगळी असते. प्रशासक म्हणून मालकी घेतली, तेव्हा डेस्कटॉपवरच्या एका फाइलमध्ये तो कूटशब्द मिळाला. त्याने प्रत उघडली आणि सगळ्या कंपन्यांचे हिशेब टॅलीत दिसले. मराठी पत्रं तेवढी अगम्य चिन्हांची दिसत होती. ती फाइल बिघडल्याची खूण नव्हती. श्रीलिपीचे जुने फॉन्ट टाकताच मजकूर वाचता आला.

हिशेब परत मिळाले नसते, तर ते किती महाग पडलं असतं? जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. आणि टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या टॅलीवॉल्टचा पासवर्ड हरवला, तर तो परत मिळवण्याची सोय नाही.

म्हणून आज एक कागद घ्या. नॅसचा पत्ता, वापरकर्ता, पासवर्ड, बॅकअपचा कूटशब्द, टॅलीवॉल्टचा पासवर्ड, डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की, सॉफ्टवेअरची नावं आणि फॉन्ट त्यावर लिहा. तो कागद संगणकापासून दूर, घरच्या कपाटात ठेवा आणि घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. तंत्रज्ञ बदलला की पासवर्ड बदला आणि कागदही. डेटाची एक प्रत दुकानाबाहेरही असू द्या. नवा संगणक महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी डिस्क फेकू नका.

आणि प्रत परत उघडून पाहा. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या मोठ्या कंपनीचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपचे अनेक मार्ग असूनही ते ऐनवेळी निकामी ठरले. हंगामाआधी, दसऱ्याच्या आत, दुसऱ्या संगणकावर एखाद्या जुन्या वर्षाचा हिशेब उतरवा आणि शेवटची शिल्लक छापील कागदाशी ताडून पाहा. ती जुळत नसेल, तर दुरुस्ती त्याच दिवशी करून घ्या. यार्डात आवक सुरू झाली की त्यासाठी वेळ मिळत नाही.