वजनकाटा घेऊन आलेली माणसे

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. आम्ही मुळशी तालुक्यात हेडमास्तर होतो. एके दिवशी शहरातून चार शिकलेली माणसे वजनकाटा घेऊन शाळेत आली. त्यांनी मुलांची उंची मोजली, वजने केली, थोडे रक्तही घेतले. एक छापील कागद आमच्यापुढे ठेवला. आम्ही तो न वाचताच सही ठोकली! ती माणसे पुन्हा आलीच नाहीत. आया विचारत, "गुरुजी, पोराच्या रक्तात काय निघालं?" आम्ही मान खाली घालत असू.

पण सगळेच संशोधक असे नसतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात एक निराळे काम झाले आहे.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सोबती पुण्याजवळच्या सहा गावांत गेले. इंग्लंडातील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला होते. आईच्या खाण्याचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. हे पुस्तकात सापडणारे नव्हते. ते बायकांच्या ताटात होते.

म्हणून घरोघर जावे लागले. दर महिन्याला पाळीची तारीख विचारावी लागली. आता सांगा, परक्या माणसाला हे कोण सांगेल? विश्वास बसला तरच ना! बायकांनी सांगितले. काय खाल्ले, किती खाल्ले, शेतात किती राबलो, तेही सांगितले. बाळ जन्मले की तीन दिवसांच्या आत त्याचे वजन होई. अशी सुमारे ८०० गरोदरपणे नोंदली गेली.

त्यातून काय कळले? इथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. ज्या आया दूध, पालेभाजी, फळे वरचेवर खात, त्यांची बाळे वजनाने बरी भरली. नुसते पोटभर खाल्ल्याने तेवढा फरक पडला नाही. (आपल्याकडे पावसाळ्यात टाकळा, कुर्डू फुकट उगवतो. पाहुणा आला की मात्र आपण तो झाकून ठेवतो!) आणखी एक कळले. तीन आयांत दोघींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांत असते. पालेभाजीत नसते.

संशोधक तिथेच थांबले नाहीत. ती बाळे मोठी होईतो ते त्या गावांत येत राहिले. २०१२ साली त्याच मुलामुलींत बी-१२ देऊन पाहण्याचे काम सुरू झाले. पुढे त्यांची मुले अधिक निरोगी होतात का, हे त्यातून पाहायचे होते.

आता अशी माणसे आपल्या दारी आली तर? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली याचे नियम छापले आहेत. संमतीचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत हवा. वाचता येत नसेल, तर त्रयस्थ, शिकलेला साक्षीदार हवा. 'नाही' म्हणता येते. 'हो' म्हणून मागाहून सोडताही येते. त्यामुळे दवाखान्यातला उपचार कोणी बंद करू शकत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजी आहेत. त्यांच्याकडे असाच कागद आला. पहिले पान वाचायला त्यांना अर्धा तास लागला. आणलेल्या मुली ओट्यावर बसून राहिल्या. दुसरे पान संपल्यावर आजी म्हणाल्या, "पोरींनो, निकाल कोण सांगणार, कवा सांगणार, ते कुठं लिवलंय?"

ते लिहिलेलेच नव्हते. मुली कागद परत घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी ती ओळ घातलेला नवा कागद आला. आजींनी तोही पहिल्यापासून वाचला, आणि मग सही केली.