घटक ७ : गाण्याची स्पर्धा आणि प्रेक्षकाचे संमिश्र मन

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा पाहताना प्रेक्षकाच्या मनात निर्माण होणाऱ्या परस्परविरोधी भावनांचे स्वरूप सांगता येईल.
• ‘भावसंधी’, ‘भावशबलता’ आणि ‘रसविघ्न’ या साहित्यशास्त्रीय संकल्पनांच्या आधारे त्या भावनांचे विश्लेषण करता येईल.
• आपली संमिश्र प्रतिक्रिया परीक्षणपर लेखात प्रामाणिकपणे मांडता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, रात्रीची जेवणे आटोपली आहेत आणि घरातील सर्वजण दूरचित्रवाणीसमोर बसले आहेत, असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एखादी मुलगी अभंग गाते. शेवटची तान संपताच आजोबांच्या तोंडून ‘वा!’ निघते आणि पाठोपाठ तेच म्हणतात, “पण हिला मतं पडायची नाहीत.” एकाच माणसाच्या, एकाच क्षणीच्या या दोन उद्गारांत आपल्या आजच्या अभ्यासाचा विषय सामावलेला आहे.

अशा कार्यक्रमावर लेख लिहावयास सांगितले, की विद्यार्थी बहुधा तीनपैकी एक वाट धरतात. काहीजण निखळ स्तुती करतात. काहीजण ‘हा सगळा बाजार आहे’ असे म्हणून मोकळे होतात. उरलेले ‘कार्यक्रमाचे काही फायदे आहेत, तसे काही तोटेही आहेत’ असे सुरक्षित वाक्य लिहितात. या तिन्ही वाटांनी जाताना लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभव मागेच राहतो. तो अनुभव हाती कसा धरावा, हे या घटकात आपण पाहणार आहोत. त्यासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील प्रेक्षकाची भूमिका आपण आधाराला घेऊ.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ स्पर्धेची जुनी परंपरा

गाण्याची स्पर्धा ही दूरचित्रवाणीने आणलेली गोष्ट नव्हे. शाहिरी परंपरेत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष होते. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व सांगत, तर तुरेवाले शिवाचे. एका पक्षाने कवनातून कोडे घालायचे आणि दुसऱ्याने कवनातूनच ते सोडवायचे, अशी ही सवाल-जवाबाची रीत तमाशाच्या फडातही रुजली. श्रोते तेथेही पक्ष घेत. मात्र कोडे सुटले की नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येत असे.

या परंपरेतील थोर शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे रेठरे हरणाक्ष गावचे. त्यांच्या हयातीत हे गाव सातारा जिल्ह्यात होते. पुढे १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. मग पठ्ठे बापूराव साताऱ्याचे की सांगलीचे? हा प्रश्न लक्षात ठेवा. ‘आपला गायक’ या कल्पनेचा विचार करताना तो पुन्हा उपयोगी पडेल.

सांगली-मिरज परिसराचा कान संगीताने घडलेला आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांचा जन्म (१८८८) नागठाण्याचा, आशा भोसले यांचा जन्म (१९३३) सांगलीचा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांची ख्याती सर्वत्र आहे. अशा भागातील श्रोता दूरचित्रवाणीपुढे बसतो, तेव्हा तो कोरा नसतो. तो आपली आवड आणि आपला अभिमान बरोबर घेऊनच बसतो.

७.२.२ ‘पंचरत्नां’चे उदाहरण

झी मराठी वाहिनीवरील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ हे २००८-०९ मधील पर्व आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक होते व पल्लवी जोशी सूत्रसंचालन करीत. अंतिम फेरीत पोहोचलेली पाच मुले ‘पंचरत्न’ म्हणून ओळखली जाऊ लागली : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. विजेतेपद कार्तिकीला मिळाले.

या पाच नावांत साताऱ्याचे किंवा सांगलीचे कोणी नाही. त्यामुळे येथील प्रेक्षकापुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. स्वतःच्या जिल्ह्याचे मूल रिंगणात नसताना कौल कोणाला द्यायचा? सातारा जिल्ह्याची सीमा पुणे आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांना भिडते. मग शेजाऱ्याला द्यायचा का? वारकऱ्याच्या घरात अभंगाचा सूर जवळचा वाटणार, नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला दुसरा गळा भावणार, तर घरातील लहान मुलांना सर्वांत छोटी मुग्धाच आवडणार. म्हणजे जिल्ह्याचा अभिमान बाजूला झाला, तरी निवड निरपेक्ष होत नाही. अभिमानाची जागा आवड, संस्कार आणि माया घेतात.

येथे परदेशातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. युरोपातील देशांची ‘युरोव्हिजन’ ही गीतस्पर्धा १९५६ पासून दूरचित्रवाणीवरून प्रसारित होते. पहिल्या वर्षी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देश सहभागी झाले होते. प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून मत देण्याची पद्धत १९९७ मध्ये पाच देशांत प्रथम अवलंबिली गेली. या स्पर्धेत प्रेक्षकाला स्वतःच्या देशाच्या गाण्याला मत देता येत नाही. अभिमानाला लगाम घालणारा हा नियम आहे. तरीही शेजारी देश एकमेकांना झुकते माप देतात, अशी तक्रार तेथील प्रेक्षक नेहमी करतात. आणि तक्रार करूनही दरवर्षी स्पर्धा पाहतात! २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षकांच्या गुणांना पुन्हा स्थान देण्यात आले, त्यामागेही ही नाराजी होती. ‘पंचरत्नां’च्या वेळी सातारा-सांगलीचा प्रेक्षक नकळत याच भूमिकेत होता. त्याला ‘आपल्याला’ मत देता येत नव्हते. फक्त ‘जवळच्याला’ देता येत होते.

७.२.३ कौल कोणाचा?

जुन्या फडात आणि आजच्या मंचात मुख्य भेद कौलाचा आहे. लघुसंदेशाद्वारे मत देण्याच्या पद्धतीत एका भ्रमणध्वनीवरून अनेक मते पाठविता येत आणि त्या संदेशाला साध्या संदेशापेक्षा अधिक दर पडत असे. त्यामुळे ‘गाणे जिंकले की मोजणी जिंकली?’ ही शंका प्रेक्षकाच्या मनात घर करते.

२००७ च्या ‘इंडियन आयडॉल’ स्पर्धेत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत आले. दोन्ही ठिकाणी मतांसाठी लोकांनी वर्गणी जमवली. शिलाँगमध्ये एरवी दुरावलेले समाजगट एका गायकासाठी एकत्र आल्याचे दिसले. दुसरीकडे विजेत्या प्रशांतविषयी नभोवाणीवरून झालेल्या अवमानकारक शेरेबाजीनंतर सिलिगुडीत अशांतता उसळली. मत हे माणसे जोडते आणि तोडतेही. ते केवळ गाण्याला दिलेले नसते, तर ‘आम्हीही आहोत’ हे सांगण्यासाठीही दिलेले असते. म्हणून प्रेक्षकाच्या अशा मताला ‘अडाणी’ म्हणून हिणवणे हे परीक्षकाला शोभत नाही. तसेच त्याला संगीताचा निर्णय मानणेही योग्य नाही.

७.२.४ भावसंधी आणि भावशबलता

संमिश्र भावनेचा विचार आपल्या साहित्यशास्त्राने पूर्वीच केला आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त भावाच्या चार अवस्था येतात : भावोदय, भावशांती, भावसंधी आणि भावशबलता. समबळ असे दोन भाव एकाच वेळी एकत्र नांदतात, तेव्हा ‘भावसंधी’ होते. एकामागून एक अनेक भाव उठतात आणि प्रत्येक नवा भाव आधीच्याला दाबून टाकतो, तेव्हा ‘भावशबलता’ होते.

निकालाचा क्षण आठवा. दोन मुले हात धरून उभी आहेत, त्यांपैकी एकाचे नाव पुकारले जाणार आहे. आपले आवडते मूल राहिले याचा हर्ष आणि दुसरे गेले याचे दुःख एकदमच दाटून येते. ही भावसंधी होय. याउलट संपूर्ण भाग पाहताना आधी कौतुक, मग परीक्षकांच्या शेऱ्याचा राग, मग जाहिरातींचा कंटाळा आणि शेवटी निकालाची हुरहूर अशी जी मालिका सुरू असते, ती भावशबलता होय. लिहिताना आपल्याला नेमके यांतील काय जाणवले, हे आधी ओळखावे. ‘संमिश्र वाटले’ एवढे म्हणणे पुरेसे नाही.

७.२.५ रसविघ्न आणि खरे अश्रू

अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक असे, की समोर चाललेले ‘माझे’ आहे किंवा ‘परक्याचे’ आहे, विशिष्ट स्थळाचे आणि काळाचे आहे, या जाणिवेत प्रेक्षक अडकून पडतो. मग साधारणीकरण होत नाही आणि रसही लाभत नाही. ‘आमच्या तालुक्याचा मुलगा’ या भावनेने ऐकणारा माणूस सूर ऐकत नाही. तो गुण मोजत असतो. रेठरे हरणाक्षचे उदाहरण येथे आठवावे. जिल्ह्याची हद्द बदलली म्हणून पठ्ठे बापूरावांच्या लावणीचा एकही शब्द बदलला नाही.

परंतु या संकल्पनेची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ‘सीतास्वयंवर’ हीसुद्धा एका अर्थी स्पर्धाच आहे. धनुष्य न उचलता आलेले राजे खाली मान घालून परततात, तेव्हा प्रेक्षक खुशाल हसू शकतो, कारण तेथे हरणारा नट खरोखर हरलेला नसतो. दूरचित्रवाणीच्या मंचावर हरणारे मूल खरोखर हरलेले असते. त्याचे अश्रू खरे असतात आणि कॅमेरा ते अगदी जवळून दाखवतो. नाटकातील शोकाचा करुणरस होऊ शकतो. पण या मुलाच्या शोकाचा आस्वाद घेताना आपण अवघडतो आणि अवघडायलाही हवे. हे अवघडलेपण आस्वादातील उणीव नसून प्रेक्षकाच्या ठायी जागी असलेली माणुसकी आहे. चांगल्या परीक्षणात तिला जागा मिळालीच पाहिजे.

७.२.६ संमिश्र प्रतिक्रियेचे लेखन

पुढील दोन काल्पनिक नमुने वाचा.

नमुना १ : “हा कार्यक्रम नवोदितांना व्यासपीठ देतो. मात्र त्यात व्यापारी वृत्ती दिसते. एकंदरीत कार्यक्रम बरा आहे.”

नमुना २ : “मुलीने अभंग गायला तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. गाणे चांगले झाले, याचा मला तेवढा पुरावा पुरेसा होता. पुढे ती मुलगी बाद झाली. तिचा रडवेला चेहरा पडद्यावर बराच वेळ राहिला, मागे संथ सूर वाजत होता. आई म्हणाली, ‘बंद कर ते.’ मी बंद केले नाही. निकाल मला पाहायचा होता.”

पहिल्या नमुन्यात फायदे-तोटे आहेत, पण पाहणारा माणूस नाही. दुसऱ्यात कार्यक्रमाचा गुण आणि दोष दोन्ही प्रसंगातून येतात. शिवाय लिहिणारा स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, म्हणून त्याच्या मतावर विश्वास बसतो. लिहिताना पुढील क्रम उपयोगी पडेल : (१) एकच गाणे किंवा एकच क्षण निवडा. (२) त्या क्षणी उठलेले दोन भाव वेगवेगळे नोंदवा. (३) प्रत्येक भावाचे कारण गाण्यात आहे, स्पर्धेच्या नियमांत आहे की आपल्या ममत्वात आहे, ते तपासा. (४) त्यानंतरच निष्कर्ष लिहा. दोन भाव मिटले नाहीत तर ते तसेच ठेवा. ओढूनताणून समेट घडवू नका.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. कलगी पक्ष कशाचे श्रेष्ठत्व सांगतो?
२. सांगली जिल्ह्याचे १९६० पूर्वीचे नाव काय होते?
३. ‘युरोव्हिजन’मध्ये प्रेक्षकाला कोणाला मत देता येत नाही?

ब) चूक की बरोबर ते लिहा.
१. समबळ दोन भाव एकाच वेळी एकत्र येणे म्हणजे भावशबलता.
२. अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली आहेत.

७.३ सारांश

गाण्याची स्पर्धा आपल्याकडे कलगी-तुऱ्यापासून आहे. दूरचित्रवाणीने कौलाची रीत बदलली आणि प्रेक्षकाला मतदार केले. त्यातून गाण्याची ओढ व मोजणीविषयी शंका, विजयाचा हर्ष व हरणाऱ्याविषयी करुणा, गावाचा अभिमान व कानाचा प्रामाणिकपणा अशा जोड्या मनात निर्माण होतात. भावसंधी, भावशबलता आणि रसविघ्न या संकल्पनांनी त्यांचे स्वरूप स्पष्ट होते. मात्र खऱ्या मुलाचे खरे दुःख समोर असल्याने रसचर्चा एका मर्यादेपर्यंतच पुरते. संमिश्र भावना लपविणे किंवा सपाट करणे टाळून ती कारणांसह मांडणे, हे परीक्षणकाराचे काम आहे.

७.४ पारिभाषिक शब्द

साधारणीकरण : व्यक्ती, स्थळ, काळ यांच्या मर्यादा गळून कलाकृतीतील भाव सर्वांचा होणे.
रसविघ्न : रसास्वादात येणारा अडथळा.
कौल : निर्णय, पसंती.
ममत्व : ‘हे माझे’ अशी भावना.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १. शक्तीचे. २. दक्षिण सातारा. ३. स्वतःच्या देशाच्या गाण्याला.
ब) १. चूक. २. बरोबर.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. कलगी-तुऱ्याचा श्रोता आणि दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचा प्रेक्षक यांतील साम्य-भेद स्पष्ट करा.
२. ‘प्रेक्षकाचे मत हा संगीताचा निर्णय नसतो’ या विधानाची साधक-बाधक चर्चा करा.
३. आपण पाहिलेल्या एखाद्या गायनस्पर्धेतील एका क्षणावर सुमारे ३०० शब्दांत परीक्षण लिहा.

७.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील भजनस्पर्धेला किंवा गणेशोत्सवातील गायनस्पर्धेला उपस्थित राहा. निकालापूर्वी आणि निकालानंतर पाच श्रोत्यांशी बोला. त्यांचे उद्गार त्यांच्याच बोलीत टिपून घ्या; ते शुद्ध करण्याचा मोह टाळा. शेवटी आपण स्वतः कोणाच्या बाजूने होता आणि का, हे दोन वाक्यांत लिहा. ही दोन वाक्ये या कार्यातील सर्वांत अवघड भाग आहेत. म्हणून ती सवडीने, विचारपूर्वक लिहावीत.